आधी जेवण, मग पाठांतर

बंगळूरमधल्या जितक्या घरांत आमचे नाटकाचे प्रोफेसर जेवले, तितक्या घरांत मतं मागायलाही कुणी गेलं नसेल. त्यांच्या पिशवीत दोनच वस्तू असत, नाटकाची वही आणि गुंडाळलेलं केळीचं पान. कुणाच्या घरी ताटावरून संकोच नको, म्हणून पान स्वतःचं. त्यांची मातृभाषा कोणती हे चार वर्षांत आम्हाला कळलं नाही. विचारलं की म्हणत, "आज कुणाकडे जेवलो ते विचारा." नाट्यवर्गात त्यांचा नियम होता की आपल्या घरच्या भाषेतली भूमिका कुणालाही मिळणार नाही, आणि जी भाषा वाट्याला येईल ती बोलणाऱ्या घरी आधी जेवून यायचं. पाठांतर नंतर. एका सोवळ्या घरातल्या मुलाला त्यांनी उर्दू भूमिका दिली. तो घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका मुसलमान गृहस्थांकडे गेला आणि नुसतं केळं खाऊन परतला. "मग केळ्यापुरती उर्दू येईल," प्रोफेसर म्हणाले, आणि नाटकात त्याला खरोखरच एक वाक्य उरलं.

आमच्या घरी ते जेवायला आले तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझे वडील शिंपी, सहीऐवजी अंगठा लावणारे. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, हे मी सगळ्यांना ऐकवायचो, पण अण्णांची मराठी मात्र लपवायचो. पिढ्यानपिढ्या या मुलखात राहून तिच्यात निम्मं कन्नड मुरलं होतं. अण्णा म्हणाले, "बसा की सर, स्वल्प भात घ्या." प्रोफेसरांनी जेवता जेवता डाव्या हाताने वही ओढली आणि ते वाक्य हेलासकट टिपून घेतलं. बाहेर आल्यावर मी माफी मागू लागलो, तर म्हणाले, "ही मराठी पुस्तकात असती, तर मी लायब्ररीत जेवलो नसतो का?"

त्या वर्षी कॉलेजच्या व्यवस्थापक मंडळाने नाट्यवर्ग बंद करायचं मनावर घेतलं होतं. वार्षिक नाटक पाहून काय ते ठरवू, म्हणाले. प्रोफेसरांचं सगळं आयुष्य त्या वर्गात होतं, घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. नाटक होतं धर्मशाळेत अडकलेल्या सात प्रवाशांचं, सात भाषांतलं. मी तमिळ म्हातारा. त्यासाठी मी यशवंतपूरला एका रेल्वे गार्डच्या घरी आठ रविवार जेवलो. मी न जेवता उठू लागलो की त्यांच्या घरच्या आजी म्हणायच्या, "साप्टुट्टु पो." जेवून जा. तेच माझं पहिलं वाक्य ठरलं.

प्रयोगाला आजी आल्या होत्या, मागच्या रांगेत. पुढच्या रांगेत मंडळाचे अध्यक्ष, सुटाबुटात. पडदा वर गेला, अध्यक्षांचे चकचकीत बूट दिसले, आणि मला एकदम वाटलं, हा माणूस मला अडाणी समजेल. माझ्या तोंडून इंग्रजी आलं. "प्लीज हॅव युवर फूड अँड गो." समोरचा कन्नड बोलणारा गडबडला आणि त्यानेही इंग्रजीत उत्तर दिलं. मग तिसरा, मग चौथा. तासाभरात धर्मशाळेतले सातही प्रवासी इंग्रज होऊन बसले. अध्यक्षांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. वर्ग वाचला, पण इंग्रजी उच्चारांचा वर्ग म्हणून. त्यानंतरची सगळी वर्षं प्रोफेसर मुलांना जीभ कुठे टेकवायची एवढंच शिकवत राहिले. मला ते कधी रागावले नाहीत. फक्त त्या दिवशी रंग पुसताना म्हणाले, "आजी शेवटपर्यंत बसल्या होत्या."

मी पदवीधर झालो, त्याच इंग्रजीवर नोकरी मिळवली. याचा मला अभिमान आहे आणि तो मी झाकत नाही. पण आठ रविवार जेवलेल्या त्या घरी मी पुन्हा गेलो नाही.

प्रोफेसर आजारी आहेत असं कळलं, तेव्हा अण्णांनीच डबा भरायला लावला. खोलीत खाटेवर ते एकटे होते, खुंटीला ती पिशवी. मी डबा ठेवला, तब्येत विचारली आणि ऑफिसचं निमित्त सांगून उठलो. त्यांनी हाताने पिशवी दाखवली. तिच्यात पान होतं, वाळून कडा चिरलेलं. त्यांनी ते मधोमध फाडलं, अर्धं माझ्यापुढे ठेवलं आणि आजींच्या त्याच हेलात म्हणाले, "साप्टुट्टु पो."

मी बूट काढले आणि जमिनीवर मांडी घालून बसलो.