पैंजण काढ की आधी

गेल्या महिन्यात नातीनं मला दोन सिनेमे दाखवले. एक विनोदी, एक मारामारीचा. दोन्हींबद्दल मला बरंच बोलायचं आहे, कारण तिथं बोलायला बंदी होती.

विनोदी सिनेमात जुळे भाऊ होते आणि कोण कुठला हे सख्ख्या आईलासुद्धा ओळखू येत नव्हतं. हल्ली विनोद करताना माणसं फार ओरडतात. मला हसू आलं ते न ओरडणाऱ्याचं. एक आचारी होता, तो प्रत्येक भांडणात मध्ये येऊन हळूच विचारायचा, "मग भात टाकू का नको?" त्यानं तिसऱ्यांदा विचारलं आणि मी मांडीवर थाप मारून हसले. मांडी शेजारच्या पावण्यांची निघाली.

बाहेर आल्यावर नात म्हणाली, "आज्जी, पुढच्या सिनेमाला गप बसायचं. एक शब्द जरी तोंडातनं निघाला, तर परत तुला आणणार न्हाय."

"आणि बसले गप, तर?"

"तर दर रविवारी सिनेमा."

गप बसण्यात मी एके काळी पटाईत होते. नवी नवरी असताना सासूबाई मला विनोदी सिनेमाला घेऊन गेल्या. सासूदेखत दात दाखवायचे नाहीत, असं माहेरी हुपरीत बजावून धाडलेलं. माहेरी घरातच चांदीचं काम, म्हणून पायात घसघशीत पैंजण. ते वाजू नयेत म्हणून पाय खुर्चीखाली आवळले आणि तोंडात पदराचा बोळा कोंबला. हसण्याला तोंडातनं वाट मिळेना, तसं ते डोळ्यांतनं गळायला लागलं. सासूबाईंना वाटलं, पोरीला माहेर आठवलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला हुपरीच्या एसटीत बसवलं. आईनं घाबरून विचारलं, "काय झालं गं?" तर मी शहाणी म्हणते, "सिनेमा लई चांगला हुता." सासूबाईंना खरं कारण मी कधीच सांगितलं नाही. आठ दिवस आयतं जेवायला मिळालं होतं.

तर मारामारीचा सिनेमा. नायक वीस जणांना लोळवतो, पण शर्टाची इस्त्री मोडत नाही. गुंडही शिस्तीचे, राजारामपुरीतल्या दवाखान्यात नंबर लावल्यासारखे उभे, एकाचं आटोपलं की दुसरा पुढं. हे सगळं मी मुकाट्यानं गिळलं. मध्यंतरात नातीनं खूश होऊन लाह्यांचा पुडा माझ्या हातात दिला. रविवार जवळजवळ माझे झाले होते.

मग नायिका चोरपावलांनी खलनायकाच्या बंगल्यात शिरली. अंधार, टाचा उचललेल्या, श्वास रोखलेला. आणि पायात घुंगरांचे पैंजण. हुपरीच्या पोरीनं हे बघून गप बसायचं? मी पदर तोंडाकडं नेला खरा, पण तेवढ्यात तिनं जिन्यावर पाऊल टाकलं.

"अगं भवाने, पैंजण काढ की आधी!"

सगळं सिनेमागृह हसलं. नातीनं तोंड ओढणीत लपवलं. गेले माझे रविवार, म्हणेपर्यंत पडद्यावर आवाज आला, छुम. खलनायकानं मान वळवली.

मग शिट्ट्या सुरू झाल्या. मागच्या रांगेतनं एकानं विचारलं, "आज्जी, आता काय हुईल?"

आता लाज कशाला? सांगून टाकलं, "त्याच पैंजणानं बडवती बघ त्याला. भरीव हाय ते, लागतंय."

आणि बाईनं खरंच पैंजण उपसून त्याच्या कपाळात हाणलं. टाळ्या पडल्या. तिला किती आणि मला किती, ते मी वाटून घेतलं नाही.

बाहेर पडताना दोन अनोळखी पोरींनी मला अडवलं. "आज्जी, पुढच्या रविवारी कुठल्या सिनेमाला येणार? आम्हीबी तीच तिकिटं काढतो."

नात रिक्षात बसली. मग मोबाईल काढून म्हणाली, "रविवारी एक विनोदी हाय. कोपऱ्यातली खुर्ची घिऊ तुला?"

"मधली घे," मी म्हणाले. "कोपऱ्यातनं आवाज पोचत न्हाय."