शेवटच्या खांबावरची लाईन

आमच्याकडे विजेला वीज कोणी म्हणत नाही, लाईन म्हणतात. ती कधी पहाटे येते, कधी भर दुपारी. म्हणून शिवारातल्या प्रत्येक मोटारीला ‘ऑटो’ बसवलेला. लाईन आली की मोटार आपोआप सुरू होते, माणसाला वावरात जावं लागत नाही.

मी शिरपूरकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. तारेला स्वतःचा रोध असतो, प्रवाह जितका जास्त तितकं व्होल्टेज वाटेतच खर्ची पडतं, हे फळ्यावर लिहून लिहून आता कंटाळा आलाय. आमची विहीर डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, सगळ्यात लांब, शेवटच्या खांबावर. त्यात सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. सगळे ऑटो एकदम लागले की आमच्यापर्यंत व्होल्टेज उरतच नाही. मोटार नुसती घूं करते, तापते आणि जळते. आमची दोनदा जळली.

शेवटी पारावर सगळ्यांना समजावलं. ऑटो काढा, दम धरून एकेकानं चालू करा, सगळ्यांच्याच चालतील. माना डोलल्या. सुरुवात म्हणून मी आमचा काढला. बाकी पालथ्या घड्यावर पाणी. शेजारी म्हणाला, “सर, तुमचं पटते. पन मी थांबलो अन् बाजूचा नाही थांबला तं?” मी आमचा ऑटो काढलेलाच ठेवला.

मी शाळेत, त्यामुळे लाईन आली की विहिरीवर जायची ती बायको. गुडघ्याला पट्टा बांधून, ओल्या हरभऱ्यातून. इतरांच्या मोटारी लागेपर्यंत थांबायचं, मग आपली चालू करायची. हिवाळाभर ती गेली आणि मोटार वाचली. मला त्याचा अभिमानही वाटायचा.

एका संध्याकाळी मी सहज विचारलं, पाणी कुठवर गेलं? ती चप्पल न काढताच ओट्यावर बसली.

“तुमचा नियम खरा हाय हो. पन तो पाळनारी मी एकटीच राह्यली.”

मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी विहिरीवर जाऊन ऑटो परत जोडला. लाईन आली, व्होल्टमीटरचा काटा धपकन खाली बसला, आणि त्यातली थोडी घसरण आता आमच्या मोटारीमुळेही होती. ती रडतखडत फिरू लागली. मी घरी फोन लावला. म्हटलं, आता येऊ नको, उद्याही नको.

“मंग मी पडते जराशी,” ती म्हणाली, आणि फोन बंद करायच्या आधीच झोपली.