पोचवणारे गफूरचाचा

रिक्षाला किक मारायच्या आधी गफूरचाचा सीटखालची पाण्याची बाटली काढायचे, ओंजळभर पाणी डोळ्यांवर मारायचे आणि गळ्यातल्या गमछानं तोंड पुसायचे. लातूरच्या थंडीत सकाळी सहालाही हे चुकायचं नाही. आम्ही तिघी मैत्रिणी मागच्या सीटवर कुडकुडत बसलेल्या असायचो. उषा त्यांची नक्कल करायची आणि आम्ही हसायचो. हे रोज कशासाठी, हे मात्र आम्ही कधी विचारलं नाही.

दहावी झाल्यावर मी अर्धापूरहून क्लाससाठी लातूरला आले होते. तेव्हा सगळ्या मराठवाड्यातली मुलं तिथं लोटत होती. गल्लोगल्ली खोल्या, मेस आणि क्लासच्या पाट्या. एकेका रिक्षात आठ-आठ, नऊ-नऊ मुलं कोंबलेली असायची, ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंनाही. गफूरचाचा तिघींनाच घ्यायचे. ठरवाठरवी करायला माझे दादा, म्हणजे वडील, आले होते. त्यांनी विचारलं, "वेळेवर पोचवाल ना पोरींना?"

चाचा म्हणाले, "वेळेचं बोलत न्हाई मी, पाटील. पोचवतो, एवढं सांगतो."

मग ते दादांना बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी बोलत राहिले. परत आल्यावर दादा मला म्हणाले, "ह्यांच्याच रिक्षात बसायचं. दुसऱ्या कुठल्या नाही."

क्लास सुटला की रस्ताभर सायकली व्हायच्या. मुलं तीन-तीन जण शेजारी शेजारी, सूत्रं घोकत चाललेली. बाकीचे रिक्षावाले हॉर्नवरचा हात काढायचे नाहीत. चाचा मुकाट्यानं मागं मागं जायचे. आम्ही कुरकुरलो की म्हणायचे, "हॉर्न दिला की दचकतंय लेकरू. दचकलं की कुठं वळंल, सांगता येत न्हाई." रहदारीच्या बाजूनं कुणी उतरू नये म्हणून उजव्या बाजूला त्यांनी लोखंडी गज ठोकला होता. डावीकडूनसुद्धा ते आधी स्वतः उतरून मागं बघायचे, मगच आम्हाला उतरू द्यायचे. रस्ता ओलांडायलाही त्यांनीच शिकवलं. "गाडीकडं काय बघायलीस? गाडीवाल्याच्या तोंडाकडं बघ. त्यानं तुला बघितलं का, ते बघ. मग पाय टाक." मला तेव्हा या सगळ्याची लाज वाटायची. मुलं आमच्या रिक्षाला बैलगाडी म्हणायची.

बारावीच्या परीक्षेत फिजिक्सचा पेपर होता. केंद्र आमच्या खोलीपासून तीनेक किलोमीटर. पेपर अकराला, आणि चाचा आठलाच दारात हजर. पण चालत आलेले. डोळे लाल. म्हणाले, "घरवालीला दमा उठला. रातभर दवाखान्यात होतो. डोळे जड हायत, आज रिक्षा काढत न्हाई. दुसऱ्या रिक्षा बघितल्या, समद्या भरलेल्या. चला, चालत जाऊ. वेळ हाय."

माझा संताप झाला. आदल्या दिवशी सांगता येत नव्हतं का, मी म्हणाले. एक रात्र झोप झाली नाही तर एवढं काय होतं, असंही मीच म्हणाले. त्यांच्या बायकोची चौकशीसुद्धा केली नाही, हे आज लिहिताना टोचतं. चाचांनी आमच्या पाण्याच्या बाटल्या उचलल्या आणि चालायला लागले. पहिला चौक ओलांडल्यावर, माझ्याकडे न बघता, ते बोलू लागले.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, ट्रक चालवत होते. त्याच दिवसापासून त्यांनी धान्य, चादरी, ताडपत्र्या नेल्या. चार दिवस पाठ टेकली नाही. लोक तिकडं मेलेत आणि आपण झोपायचं, याची लाज वाटायची. पाचव्या दिवशी भर दुपारी, औशाच्या अलीकडे, डोळा लागला.

"एवढाच," ते म्हणाले आणि थांबून त्यांनी पापण्या मिटून उघडून दाखवल्या. "सायकलवाला होता. त्याच्या घरातली समदी मातीखाली गेली होती. तो एकलाच वाचला होता, बेटा. त्याला मी मारलं."

आम्ही तिघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. चाचा म्हणाले, "पुण्याचं काम करायलो, मग अल्ला सांभाळंल, असं वाटलं मला. सांभाळायचं काम माझं होतं."

ते पळाले नाहीत. स्वतः ठाण्यात गेले, शिक्षा भोगली, सुटल्यावर हमाली केली. ट्रकला पुन्हा हात लावला नाही. एवढं सांगून ते चालू लागले. केंद्राच्या फाटकाशी त्यांनी बाटल्या आमच्या हातात दिल्या आणि पेपर शांतपणे लिहा म्हणाले. अजून दीड तास बाकी होता.

परीक्षा संपल्यावर मी अर्धापूरला घरी गेले. दादा केळीच्या बागेत होते. त्यांना विचारलं, गफूरचाचांच्या हातून माणूस गेला होता, हे तुम्हाला माहीत होतं?

दादा म्हणाले, "पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं. न सांगता पोरींना बसवणार नाही म्हणाले. म्हणून तर तुला त्यांच्या रिक्षात बसवलं."

पुढे मला नांदेडला नोकरी लागली, गाडी आली. डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं कळलं त्याच आठवड्यात चाचांनी रिक्षा विकून टाकली होती. तपासणीसाठी ते नांदेडला आले तेव्हा मी त्यांना घ्यायला स्टेशनवर गेले. शेजारच्या सीटवर ते ताठ बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. पुढं शाळा सुटली होती. मुलं रस्ता ओलांडत होती. मी थांबले आणि शेवटची मुलगी पलीकडे पोचेपर्यंत थांबून राहिले. मागचे हॉर्न वाजवत होते. गाडी पुन्हा निघाली तेव्हा चाचांची मान एका बाजूला कलली होती. ते झोपले होते. घरासमोर गाडी उभी करून मी इंजिन बंद केलं आणि त्यांना उठवलं नाही.

पुढच्या वर्षी चाचा गेले. दोन वर्षं त्यांनी आम्हाला रोज नेलं, रोज परत आणलं. त्या रिक्षात सांगण्यासारखं कधीच काही घडलं नाही. त्यासाठीच त्यांचे आभार मानायचे होते, ते राहून गेलं.