भोक पाडलेल्या कार्डाचा मॅक ॲड्रेस

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. कुणी 'झपाटलंय' म्हणालं की मी विचारायचो, वायर चेक केली का? आता हेच मला कुणी विचारलं की डोकं फिरतं...

चाकणच्या एका प्रेस-पार्ट्सच्या कंपनीत मी आयटी सपोर्टला होतो, कॉन्ट्रॅक्टवर. त्या दिवशी दुपारी चारला कस्टमर ऑडिट. प्रत्येक कॉम्प्युटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्ड बनतानाच त्याला मिळालेला, प्रत्येकाचा वेगळा नंबर, यादीत हवा. यादीत घोळ दिसला तर तुझं रिन्यूअल विसर, असं क्वालिटीच्या मोहिते मॅडमनी बजावलं होतं.

दोन वाजता शेवटच्या तीन मशीन घेतल्या. विंडोजवर 'गेटमॅक' टाइप केलं, लिनक्सवर 'आयपी लिंक', डिझाइनवाल्यांच्या ॲपलवर सेटिंग्जमध्ये शिरलो. तिन्हीकडे एकच नंबर. शेवट 7C-0E.

मॅडमनी यादी पाहिली. "पेस्ट करायचा पगार घेतोस का रे?"

माझा इतिहास बघता शंका रास्त होती राव. पण मी स्क्रीनचे फोटो दाखवले. विंडोजवर मध्ये आडव्या रेघा, बाकी दोन्हींवर कोलन, ज्याची त्याची पद्धत. नंबर मात्र तोच.

तो नंबर जुन्या रजिस्टरमध्ये सापडला. गेल्या वर्षी भंगारात काढलेल्या पीसीचा. 'कार्ड ड्रिल मारून नष्ट, समक्ष पाहिले.' खाली सही माझी. मी तेव्हा कँटीनमध्ये मिसळ खात होतो; सही आधीच करून दिलेली — आमच्याकडे सगळेच देतात.

म्हणजे कार्ड शाबूत सुटलंय आणि कुणीतरी खेळतंय, असं धरून कुदळवाडीच्या भंगारवाल्या रशीदभाईंना फोन लावला. त्यांनी पोत्यातून शोधून फोटो पाठवला. स्टिकरवर तोच नंबर, मधोमध आरपार भोक.

"भाऊ, हे कधीच मेलंय," ते म्हणाले. "आता काय पाहिजे तुम्हाला त्याच्याकडून?"

मी तिन्ही केबल उपसल्या. सगळ्या केबल जिथे जुळतात त्या नेटवर्क स्विचच्या यादीत नंबर तसाच, चालू. चिडून ब्लॉक केला... आणि माझा स्वतःचा लॅपटॉप नेटवर्कबाहेर फेकला गेला. बघतो तर त्याचाही शेवट 7C-0E.

मॅडमसमोर सगळं कबूल केलं, सहीसकट. त्यांनी एवढंच विचारलं, "हे मी ऑडिटरला सांगू?" पाचला गेटवर बॅज जमा केला.

सहाला त्यांचा फोन. मी गेटबाहेर पडताच तिन्ही मशीनचे नंबर आपापले परत आले होते.

"जे होतं ते तुझ्याबरोबर गेलं," म्हणाल्या. "परत इकडे येऊ नकोस."

क्लोनिंग, ड्रायव्हर, सॉफ्टवेअरचा घोळ — ही उत्तरं कमेंटमध्ये देऊ नका, मीच मला देऊन थकलोय. पटलं एकही नाही. सध्या दिघीत, नोकरीचे अर्ज मोबाइलवरून पाठवतो. लॅपटॉप कपाटात आहे. एक कमांड मारली की कळेल. दहा सेकंदांचं काम आहे, आणि माझ्याच्यानं होत नाही.