दोन सारख्या सह्या

मी आयुष्यात कधी कर्ज काढले नाही. घर वडिलांचे होते, स्कूटर रोखीने घेतली, मुलीचे लग्न बचतीतून झाले. ते मोडले तेव्हाही कोणापुढे हात पसरावा लागला नाही. त्यामुळे बँकेतल्या बाई संगणकाकडे पाहत म्हणाल्या, "काका, तुमचं एक कर्ज बुडीत दिसतंय," तेव्हा रागाच्या आधी कुतूहल वाटले. मी नेमके कोणते कर्ज बुडवले, हे मला खरोखरच जाणून घ्यायचे होते.

बँकेत जाण्याचे कारण मुलगी. ती म्हैसुरातच शाळेत शिकवते. सहा वर्षे ज्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहत होती, तो मालकाने विकायला काढला होता. पहिला हक्क त्याने तिला दिला. "दसऱ्यापर्यंत थांबतो, मिस. नंतर दलालाकडे देईन," असे त्याने सांगितले होते. तिच्या पगारावर कर्ज बसत नव्हते. माझे पेन्शन जोडून मी सहकर्जदार झालो, तर बसत होते. एवढ्यासाठी मी जूनमध्ये त्या बाईंसमोर बसलो होतो. बाई सांगलीकडच्या, नव्याने बदलून आलेल्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला काका केले. या गावात मला तसे कोणी म्हणत नाही. मी तीस वर्षे सरकारी पॉलिटेक्निकात मापनशास्त्र शिकवले; ओळखणारे सगळे 'सार' म्हणतात.

बाईंनी माझा क्रेडिट रिपोर्ट छापून दिला. नाव माझे, जन्मतारीख माझी, पॅन माझा. पत्ता मेटगळ्ळीतला, मोबाइल नंबर अनोळखी. तीन वर्षांपूर्वी एका फायनान्स कंपनीकडून टीव्हीसाठी कर्ज; चार हप्ते भरलेले, पुढचे नाहीत. त्याखेरीज रिपोर्टात काहीच नव्हते.

"ही नोंद असेपर्यंत तुम्हाला घेता येणार नाही, काका," बाई म्हणाल्या.

"मी हे कर्ज घेतलेले नाही."

"असं सगळेच म्हणतात. तुमचं खरं असेल. पण ते मला नाही, त्यांना पटवावं लागेल."

उत्तर योग्य होते. मी कागद घडी घालून खिशात ठेवला.

घरी पत्नीने तो चष्मा लावून वाचला. आमची पिढी म्हैसुरातच वाढलेली. आमच्या मराठीत कन्नड आपण होऊन शिरते.

"टीव्ही केवढा म्हणे?"

"पंचावन्न इंची."

"अय्यो. मी दहा वर्षं मागतेय, तर 'डोळे बिघडतात' म्हणता. आणि तिकडं मेटगळ्ळीत घेऊन बसलात?"

"थट्टा पुरे."

"थट्टा कुठं करतेय. चार हप्ते भरलेत म्हणजे माणूस तुमच्यापेक्षा बरा होता. आता सुम्ने बसू नका, लेकीचं घर जाईल."

मी नुसता बसणारच नव्हतो. मुलीने ऑनलाइन तक्रार नोंदवली. सायबर पोलिसांकडे अर्ज दिला, त्याची पोच घेतली. उत्तरासाठी महिनाभर थांबा, असे कळवण्यात आले. त्या महिन्यात मी एकदा मेटगळ्ळीला गेलो. तक्रारीसाठी त्याची आवश्यकता नव्हती. रिपोर्टातला 'मी' कुठे राहत होतो, ते पाहायचे होते.

कारखान्यांच्या मागची गल्ली. खाली घरमालकीण, वर पत्र्याखाली ओळीने कामगारांच्या खोल्या. मी माझे नाव सांगितले. बाई अंगण झाडत होती; थांबून तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"तुम्ही होय ते?" ती कन्नडमध्ये म्हणाली. "वसुलीवाले किती वेळा आले तुमच्यासाठी. मी म्हटलं, असा कोणी इथं राहिलाच नाही. ते म्हणाले, लपवताय. माझ्या स्वयंपाकघरात शिरून बघितलं."

"त्यांनी माझा फोटो दाखवला?"

"दाखवला की. काळा डाग नुसता. नाक आहे की कान, कळेना."

"इतक्या मोठ्या पेटीतला टीव्ही इथं कधी आला होता?"

"या जिन्यावरून? पलंग चढत नाही, सार."

मी जिना पाहिला. रुंदी अडीच फूट, मध्ये काटकोनात वळण. तिचे म्हणणे बरोबर होते. तिच्या स्वयंपाकघराला माझ्या नावाने त्रास झाला, त्याबद्दल मी दिलगिरी व्यक्त केली. तिला ते विचित्र वाटले असावे. तिने ताक दिले.

जुलैच्या अखेरीस कंपनीचे उत्तर आले. पडताळणी केली, अर्जावरील सही ग्राहकाच्या पॅनवरील सहीशी जुळते, नोंद योग्य आहे. तीन ओळी. मुलीने त्या वाचल्या. स्वयंपाकघरात जाऊन तिने आईला विचारले, "त्या घरातली कपाटं मी केलीत. नवीन मालकाला ती देऊन टाकावी लागतील का?" ते मला बाहेर ऐकू आले. मला ऐकू जावे म्हणून ती बोलली नव्हती.

सही जुळते, हे वाक्य मी पुन्हा वाचले. मी मराठीत सही करतो. वडील करीत, म्हणून मीही. म्हैसुरात ती हिंदी समजली जाते आणि कोणालाही तिची नक्कल करता येत नाही. नातेवाइकांतही आता देवनागरी सराईतपणे लिहिणारे थोडेच उरले आहेत. मेटगळ्ळीतल्या कोणा अज्ञाताने ती इतकी अचूक कशी केली? मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहून मूळ अर्जाची प्रत मागितली. उत्तर आले नाही. दुसरे लिहिले. तिसऱ्या पत्रात पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जात असल्याचे लिहिले, तेव्हा आठवड्याने ईमेलवर प्रत आली.

सही माझी होती. नक्कल नव्हे, माझीच. शिरोरेघ मध्ये तुटली होती, शाई संपत आलेल्या पेनाने तुटते तशी. ती रेघ मी पूर्वी पाहिली होती.

येथे माझी एक सवय सांगणे भाग आहे. मी कुठेही पॅन-आधारची झेरॉक्स दिली, तर तिच्यावर आडव्या दोन रेघा मारून मधे कशासाठी दिली ते लिहितो, खाली सही करतो आणि त्या सही केलेल्या कागदाची आणखी एक प्रत घरी आणतो. कपाटात वर्षवार फायली आहेत. पत्नी त्या कपाटाला 'म्युझियम' म्हणते. म्युझियममध्ये हवे ते अर्ध्या तासात सापडले. रेघा नसलेली एकच प्रत होती. कोपऱ्यात माझ्या हाताने, लाल शाईत लिहिले होते: पत्नीचे सिम, उद्देश लिहिला नाही. शिरोरेघ त्याच जागी तुटलेली.

तो दिवस मला आठवला. दुकान माझ्या एका विद्यार्थ्याचे. मोबाइलची सिम आणि झेरॉक्स. मी रेघा मारू लागलो तेव्हा तो म्हणाला होता, "सार, वर लिहू नका, फोटो रिजेक्ट होतो. मी आहे ना." विद्यार्थी म्हणाला, म्हणून मी हात आवरला. दुसऱ्या कोणाचे ऐकले नसते.

आता मोजणी. वर्गात पहिल्या दिवशी मी प्रत्येक तुकडीला एकाच यंत्रावर कापलेल्या वीस पिना देत असे आणि सांगत असे, यांतल्या दोन सारख्या शोधा. मुले तासभर मायक्रोमीटर फिरवीत. सापडत नसत. मग मी सांगे, सारखे असे काही नसते, चालण्याइतके सारखे असते. किती फरक चालेल, तेवढे ठरवणे हे आपले काम. माणसाचा हात तर यंत्राहून पुष्कळ ढिला.

मुलीने अर्जाची प्रत छापून आणली. दोन्ही सह्यांवर मी सात-सात बिंदू ठरवले आणि व्हर्नियरने अंतरे मोजली. अर्जावरची सही किंचित लहान होती, पण प्रत्येक अंतर त्याच प्रमाणात लहान होते. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून ती तेवढ्याच प्रमाणात मोठी करून आणली, ट्रेसिंग पेपरवर उतरवली आणि खिडकीच्या काचेवर दुसरीवर ठेवली. एक सही दिसेनाशी झाली. तुटलेली रेघही तुटीवर बसली.

"आयतु? झालं?" पत्नी मागे उभी होती. "जुळली ना? मग कंपनी तरी काय वेगळं म्हणतेय?"

"जुळायला नको होती."

तिला समजावून सांगण्याऐवजी मी म्युझियममधून माझ्या आणखी अकरा सह्या काढल्या आणि तिलाच काचेवर एकेक लावायला दिल्या. एकही दुसरीवर बसेना. ती बराच वेळ लावत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे तुम्हीसुद्धा रोज वेगळेच असता."

एक गोष्ट राहिली होती. ती तुटकी सही मी सिमसाठी केली होती, कर्जासाठी नव्हे, हे दाखवायला दुकानाचा कागद हवा होता. मी दुकानात गेलो. विद्यार्थी आता टक्कल पडलेला गृहस्थ आहे. मला पाहून उभा राहिला. मी दोन्ही कागद काउंटरवर ठेवले.

तो वाचत गेला तसा घामाघूम झाला. "सार, मी नाही केलं. देवाशप्पथ. कागद संध्याकाळी गठ्ठ्यानं कंपनीच्या माणसाकडं जायचे. पुढं कुठं जायचे, मला ठाऊक नाही."

"तू केलंस का, असं मी विचारलेलं नाही. हा कागद मी इथं सिमसाठी दिला होता, एवढं लिहून दे."

"पोलीस माझ्याकडं येतील, सार."

"येतील."

दोन गिऱ्हाइके आली, गेली. तो कागदाकडे पाहत राहिला. मीही घाई केली नाही. तो काय करील हे मला पाहायचे होते. नंतर त्याने खणातून जुनी वही काढली, तारखेची ओळ शोधली, तिची प्रत काढली आणि चार ओळी कन्नडमध्ये लिहून सही केली. देताना म्हणाला, "त्या दिवशी मीच रेघा मारू दिल्या नाहीत. ते पण लिहिलंय."

परत येताना एकच विचार होता. माझ्या वर्गात नीट बसलेल्या कोणीही ती सही तशीच्या तशी चिकटवली नसती. थोडी हलवली असती. म्हणजे तो निर्दोष होता, किंवा वर्गात त्याचे लक्ष नव्हते. त्याला मी किती गुण दिले होते, ते आठवत नाही. त्या वर्षाची गुणपत्रके कॉलेजात राहिली.

मोजमापांचा तक्ता, ट्रेसिंग पेपर, अकरा सह्या, दुकानाचा कागद, पोलिसांची पोच आणि नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र, असा गठ्ठा मी कंपनीला आणि लोकपालांना पाठवला. सप्टेंबरच्या मध्यात कंपनीचे पत्र आले. खाते फसवणुकीचे ठरले, नोंद काढली जात आहे. दिलगिरीचा शब्द नव्हता. कोणी केले, तेही नव्हते. पोलिसांनी आजपर्यंत सांगितलेले नाही.

नवा रिपोर्ट बँकेतल्या बाईंनी काढला. तो पूर्ण कोरा होता.

"काका, आता तुमची काहीच माहिती नाही यात."

"असायला नको."

"कोऱ्याचीही बँकेला पंचाईतच असते. पण पेन्शन आहे, चालेल."

दसऱ्याला नऊ दिवस होते. फ्लॅटचा मालक, मुलगी आणि मी बँकेत एका टेबलाशी बसलो. आधारची प्रत पुढे आली, तेव्हा मी दोन रेघा मारल्या. बाई म्हणाल्या, "काका, फोटोवर नका ना लिहू." मी लिहिले: केवळ मुलीच्या गृहकर्जासाठी. त्यांनी ती प्रत पाहिली आणि ठेवून घेतली.

मग सह्या. चाळीसच्या आसपास पाने असतील. विसाव्या पानानंतर हात दुखू लागला. बाई पाने उलटत होत्या, त्या मध्येच थांबल्या.

"काका, सह्या जरा वेगवेगळ्या होतायत."

"होणारच."

त्यांनी पहिले पान आणि एकविसावे शेजारी धरले, दोन्हींकडे पाहिले.

"चालतील," बाई म्हणाल्या, आणि बाविसावे पान पुढे सरकवले.