पोह्यांची प्लेट
महाराणा प्रताप नगरात सकाळी बडीशेप घातलेल्या पोह्यांची वाफ नाकात गेली, की मला बाबांची ती प्लेट आठवते. बाबा कारखान्यात यंत्रांच्या दुरुस्तीवर होते. बायपास झाल्यावर त्यांनी आमच्या इंद्रपुरी वस्तीत पेढे वाटले आणि रविवारचे पोहे-जिलेबी पुन्हा सुरू केले. काही वर्षांनी जिना चढताना त्यांना परत धाप लागू लागली. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, जोडलेल्या नसा छान वाहत होत्या. ऑपरेशनच्या वेळी निम्मीच अरुंद म्हणून सोडून दिलेली एक मात्र आता दोऱ्याएवढी उरली होती. “मग तेव्हाच का नाही केली?” आईने विचारलं. “माताजी, तब उसमें खून ठीक बह रहा था, नई नस जोड़ते तो वही सूख जाती,” डॉक्टर शांतपणे म्हणाले. बाहेर आल्यावर बाबा सवयीने पोह्यांच्या गाडीपाशी थांबले. “बरोबर आहे त्यांचं. चालू मशीनला आम्हीही हात लावत नव्हतो,” असं म्हणत त्यांनी प्लेट घेतली. रस्त्यावर कधीही न खाणाऱ्या आईने ती प्लेट त्यांच्या हातातून काढून घेतली आणि तिथेच उभ्या उभ्या, डोळे पुसत, शेवेसकट सगळी संपवली. परवा माझ्या डॉक्टरांनी सांगितलं, एक नस निम्मी अरुंद आहे, सध्या काही करायला नको, पण जपा. आज त्याच गाडीवर मी प्लेट घेतली आणि बराच वेळ तशीच धरून उभा राहिलो. हातातून काढून घेणारं आता कोणी नाही.