श्रावणात बरे होणारे सर

मयेकर सरांना मी पुन्हा एकदा मेडिकल सर्टिफिकेट लिहून देत होतो. आजाराचं नाव काय लिहायचं ते सुचत नव्हतं. मागच्या वेळी 'व्हायरल फीव्हर' लिहिलं होतं, त्याच्या आधीही तेच. एका माणसाला किती वेळा व्हायरल होणार?

नाव अर्थातच बदललंय. रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात ते गणित शिकवायचे. वय तिशीच्या आसपास, लग्नाला दोनेक वर्षं झालेली. साल दोन हजार तीन. मी फिजिशियन. खाली दवाखाना, वर घर, आणि घरात मी एकटा. माझी बायको जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

तक्रार नेहमीचीच. अंग मोडून येतं, डोळे चुरचुरतात, नाक चोंदतं. डोक्यात असं धुकं की फळ्यावर आपणच लिहिलेलं गणित आपल्याला कळत नाही. चार-पाच दिवसांत सगळं आपोआप साफ. ब्लड रिपोर्ट नॉर्मल. मलेरिया नाही, टायफॉइड नाही, थायरॉइड नाही.

सोबत आई असायच्याच. त्यांचं निदान तयार होतं.

"मासळी बाधते त्याला. आमच्यात कधी कुणाला बाधली नाय. ही केळशीची घरात आली नि सुरू झालं. हिचा हातच तसला."

'ही' म्हणजे सून, वैशाली; केळशी तिचं माहेर. आईंच्या बोलण्याला पुरावाही होता. सर आजारी पडायचे ते मासे खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी. घरात सोमवार, गुरुवार, शनिवार हे वार पाळायचे, म्हणजे त्या दिवशी मासे नाहीत. वाराच्या दुसऱ्या दिवशी सर कधीच आजारी पडले नव्हते. श्रावणभर तर ठणठणीत. मग सरांपुरते मासे कायमचेच बंद झाले.

मला हे पटत नव्हतं. माशांची अ‍ॅलर्जी असली की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. गणित विसरायला लावणारी अ‍ॅलर्जी मी पाहिली नव्हती. आता तर गणपती होऊन गेले होते, सरांनी माशाचा तुकडा तोंडात घातला नव्हता, तरी ते समोर शाल पांघरून बसले होते.

मीही कोकणातलाच. वाराला आणि श्रावणात मासे वर्ज्य असतात, तेव्हा भाविक घरात आणखीही एक गोष्ट वर्ज्य असते, हे मला कुणी सांगायला नको होतं.

"आई, तुम्ही जरा बाहेर बसा. तपासायचंय."

"माझ्यासमोर तपासा की. मी काय परकी हाय?"

"बसा हो बाहेर."

दार लागल्यावर मी विचारलं, "सर, श्रावणात मासे सोडून आणखी काय बंद होतं?"

दार नीट लागलंय ना, ते त्यांनी वळून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे तुम्हाला कळलं तर."

त्यांना स्वतःला केव्हाच कळलं होतं. बायकोजवळ गेलं की काही तासांत त्रास सुरू. लग्नाआधीही कधीकधी व्हायचा, तेव्हा तो पापाची शिक्षा वाटायचा. भिंतीवरची जाहिरात वाचून कुणा वैदूच्या पुड्याही खाऊन झाल्या होत्या. हल्ली ते पडवीत झोपत. या वेळी झोपेतच वीर्यस्खलन झालं आणि तरीही आजारपण आलंच.

"म्हणजे बायकोचा काही संबंध नाही," मी म्हणालो.

"तिचा काय असणार? पण हे बोलायचं कुणाजवळ? मासळीवर ढकललं की बरं पडायचं."

"मासळीवर नाही सर, बायकोवर ढकललंत."

सर उठले. जाताना एवढंच म्हणाले, "वैशालीला सांगू नका." मी बरं म्हटलं. पेशंटचं गुपित डॉक्टरला पोटात ठेवावंच लागतं.

आता या आजाराला म्हणायचं काय? एका सीनियर डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "मनाचं आहे. सायकियाट्रिस्टकडे पाठव." समाधान होईना, म्हणून सायबर कॅफेत गेलो. मी टाईप करत होतो ते शब्द बघून कॅफेचा मालक दोनदा माझ्या मागून फिरला. बायको गेल्यावर डॉक्टरांचं काय हे झालं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

पण सापडलं. परदेशातल्या डॉक्टरांनी असेच पेशंट पाहून नुकतंच त्याला नाव दिलं होतं, पोस्ट-ऑरगॅझमिक इलनेस सिंड्रोम. सोप्या भाषेत, स्खलनानंतर येणारं आजारपण. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच वीर्याला शत्रू समजत असावी, अशी शंका होती. पाप नाही, अशक्तपणा नाही, मनाचे खेळ नाहीत. पण ठरलेलं औषधही नाही. मला फार आनंद झाला. पूर्वी अशा वेळी मी जिना चढता चढताच बायकोला हाक मारायचो. त्या दिवशी गपचूप वर जाऊन जेवलो.

दोन दिवसांनी वैशाली एकटीच आली.

"डॉक्टर, मी उद्या सकाळच्या एसटीनं केळशीला चाललेय. कायमची."

मी तिला बसायला सांगितलं.

"माझ्या हातचं बाधतं म्हणतात. ते सोडून दिलं ओ मी. पण हे खोलीत पाऊल ठेवत नायत. त्यांना माझी किळस येते का? तुमच्याकडे बोलले असतील."

उत्तर माझ्या जिभेवर होतं आणि देता येत नव्हतं. त्या खुर्चीत इतकं एकटं मला आधी कधी वाटलं नव्हतं.

"उद्याची एसटी सोडून द्या," मी म्हणालो. "उद्या संध्याकाळी इथं या. सरांना मी बोलावतो. तुम्ही निघालात हे त्यांना सांगू ना?"

"सांगा. त्यांना काय फरक पडणार?"

शाळा सुटताना मी गेटवर जाऊन उभा राहिलो. सगळं ऐकून सर म्हणाले, "जाऊ दे. सुटेल तरी बिचारी."

"ते तिला ठरवू दे. उद्या संध्याकाळी दवाखान्यात या आणि तुमच्या तोंडानं सांगा. मी नुसता बसतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात सरांनी सांगितलं. अडखळत, भिंतीकडे बघत. मला वाटलं, वैशाली रडेल. ती भडकली.

"दोन वर्षं आई माझ्या हाताला नावं ठेवतायत, आणि तुम्ही गप्प बसून जेवत होतात?"

"हो," सर म्हणाले.

"मग आईंना तुम्ही सांगायचं. बाकीचं आपण बघू."

आईंना त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. त्या पुन्हा दवाखान्यात आल्या नाहीत.

उपचार म्हणजे चाचपडणंच होतं. पहिल्या अ‍ॅलर्जीच्या गोळीनं सरांना नुसती झोप आली. ती बदलली, जवळ येण्याआधी घ्यायला एक सूज उतरवणारी गोळी जोडली, तेव्हा थोडा उतार पडला. रविवारी शाळा नसते म्हणून दोघांनी शनिवार ठरवला. वार मोडला तो मोडलाच. सर बरे झाले असं मी म्हणणार नाही, पण आजारपण दोन दिवसांवर आलं.

पुढच्या वर्षी सर गोळ्या लिहून घ्यायला आले.

"धुकं येतं अजून?" मी विचारलं.

"येतं की. पण पूर्वी भिंतीकडे तोंड करून पडायचो. आता ही शेजारी बसून असते. काही बोलत नाही. नुसती असते."

मी चिठ्ठी लिहिली. ते गेल्यावर दवाखाना बंद करून वर रिकाम्या घरात गेलो.

पुढे प्रॅक्टिस बंद करेपर्यंत असा दुसरा पेशंट मला भेटला नाही. म्हणजे आलाच नसेल असं नाही. मी मात्र एक शिकलो. आजार समजून घ्यायचा तर घरच्यांना बाहेर बसवावं, आणि उपचार सुरू करायचे झाले की त्यांच्यातल्या एकाला तरी आत बोलवावं. ज्याला बोलवायला कुणी नाही, त्याच्यासाठी माझ्याकडे गोळी नव्हती.